आजोबांची १८०डी कुठे गेली असेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्हापशाला तुमच्या आजोबांकडे पोर्तुगीज काळात घेतलेली मर्सिडीज होती, घरात तिला '१८०' म्हणत, आणि घरच्यांच्या मते ती १९५७ची. १९७१ मध्ये आजोबा वारले आणि दोन-तीन वर्षांत काकांनी ती 'बेळगावकडच्या कोणाला तरी' विकली. तुमच्याकडे दोनच गोष्टी आहेत. एक दसऱ्याचा फोटो, ज्यात झेंडूच्या माळेखाली निम्मी नंबरप्लेट झाकली गेली आहे. आणि १९६९ची विम्याची पावती, जिचा खालचा भाग वाळवीने खाल्लाय. वर जीडीने सुरू होणारा नंबर वाचता येतो आणि इंजिनाच्या मापाच्या रकान्यात १७६७ हा आकडा. काका म्हणतात गाडी पेट्रोलची होती, आत्या म्हणतात डिझेलची. गाडी आता कुठे आहे, आणि सापडलीच तर रस्त्यावर आणता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

फोंड्याजवळ माझं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. तीस वर्षांत असे शोध बरेच केले. काही लागले, काही अर्ध्यावर थांबले. त्यातून एक गोष्ट मी शिकलो. 'गाडी कुठे आहे' या प्रश्नाच्या आधी 'नेमकी कोणती गाडी' हे ठरवावं लागतं, आणि ते चॅसिस नंबरावरूनच, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरावरूनच ठरतं. तुमच्याकडे आहे तो नोंदणी नंबर. तो एका गाडीच्या आयुष्यात तीन-चार वेळा बदलू शकतो.

गोव्याच्या बाबतीत तर तो बदललाच असणार. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, आणि त्याआधी इथे आलेल्या गाड्यांना पोर्तुगीज नंबर होते. मुक्तीनंतर गोवा-दमण-दीवच्या जीडी मालिकेतले नंबर आले. १९८७ला राज्य झालं आणि १९८९पासून नव्या नोंदण्या जीए मालिकेत सुरू झाल्या. मधल्या काळात गाडी बेळगावकडे, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली असेल तर तिथला एमवायने सुरू होणारा नंबर तिला लागला असेल. म्हणजे पावतीवरचा नंबर हा तुमच्या गाडीचा दुसरा नंबर आहे, आणि तोच शेवटचा असेल असं नाही. तो नंबर इंटरनेटवर टाकून काही निघत नाही म्हणून गाडी भंगारात गेली असं तुम्ही धरून चाललात, ते धरू नका. जुन्या नोंदवह्यांतलं सगळं संगणकावर चढलेलं नाही. ज्यांच्या मालकांनी मागे लागून नोंद चढवून घेतली, त्याच जुन्या गाड्या तिथे दिसतात.

आता पेट्रोल की डिझेल, हा घरातला वाद. तो आधी मिटवा, कारण त्याने शोधाची दिशा ठरते. १७६७ सीसीवरून काही ठरत नाही. मर्सिडीजच्या १८० मॉडेलला १९५७च्या मध्यापर्यंत पेट्रोल इंजिनही १७६७ सीसीचं होतं आणि १८०डीचं डिझेल इंजिनही तेवढ्याच मापाचं. पुढे पेट्रोलवाल्याला १८९७ सीसीचं इंजिन आलं. तेव्हा पावतीवरून काका आणि आत्या दोघंही बरोबर असू शकतात.

म्हणून आत्यांना एक प्रश्न विचारा: आजोबा सकाळी गाडीत बसल्यावर लगेच निघायचे, की थोडा वेळ नुसते थांबायचे? त्या काळच्या डिझेल मर्सिडीजला आधी एक खटका ओढून धरावा लागे. इंजिनातल्या तारा तापत, आणि डॅशबोर्डवरच्या छोट्या जाळीमागची तार हळूहळू लाल होई. ती नीट लाल झाल्यावर खटका आणखी ओढायचा, मग इंजिन धडधडत सुरू व्हायचं. मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलांना हे पक्कं लक्षात राहतं. डिचोलीच्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, 'बाबा दिवा पेटवायचे आणि आम्ही मोजायचो.' कागदावर पेट्रोल लिहिलं होतं. मी बाईंवर विश्वास ठेवला आणि तो बरोबर निघाला. कागद लिहिणाऱ्यानेच चूक केली होती.

फोटोकडे पुन्हा बघा. पुढची जाळी अरुंद आणि उभट आहे की रुंद आणि बसकी? १९५९च्या बदलानंतर १८०च्या मालिकेला रुंद जाळी आली. जाळी रुंद दिसत असेल तर गाडी १९५७ची हे घरातलं वर्ष चुकतंय, किंवा अपघातानंतर पुढचा भाग बदललाय. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे तेही बघा. पोर्तुगालमध्ये १९२८पासून गाड्या उजवीकडून चालतात, पण गोव्यात तेव्हाही डावीकडूनच चालत. त्यामुळे इथल्या गाडीला उजव्या हाताचं स्टिअरिंग असणं सोयीचं. डाव्या हाताचं दिसलं तर गाडी आधी दुसऱ्या देशात वापरली गेली का, हा प्रश्न मनात ठेवा. आणि फोटोची मागची बाजू बघायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कधी फक्त 'दसरा' आणि साल. एवढ्यावरही गाडी त्या वर्षी घरात होती हे पक्कं होतं.

चॅसिस नंबर कुठे मिळेल? तुमच्या बाबतीत मला चार वाटा दिसतात. सगळ्यात आशेची वाट बहुतेक लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आजोबा १९७१ला वारले आणि गाडी त्यानंतर विकली, हा तुमच्या कहाणीतला सगळ्यात मोलाचा धागा. गोव्यात वारसा पोर्तुगीज नागरी संहितेने चाले. मालमत्तेची वाटणी कोर्टातून झाली असेल तर इन्व्हेंतार झालेलं असतं. त्यात मयताची सगळी मालमत्ता यादीने लिहितात. घर, भाट म्हणजे बागायत, सोनं, कपाटं, आणि घरात वाहन असेल तर वाहनही. किंमत लावायची म्हणून वाहनाचं वर्णन येतं. कधी ते 'एक मोटार, जुनी' एवढ्यावरच थांबतं. पण दोनदा मला इन्व्हेंतारच्या यादीत इंजिन आणि चॅसिस असे दोन्ही नंबर मिळाले आहेत. ते कागद बार्देसच्या, म्हणजे म्हापसा ज्या तालुक्यात येतं तिथल्या, दिवाणी कोर्टाच्या दप्तरात असू शकतात. वारस म्हणून तुम्हाला प्रमाणित प्रत मागता येते.

मात्र वारसांमध्ये कोणी अल्पवयीन नसेल आणि सगळ्यांचं एकमत असेल, तर बरीच कुटुंबं कोर्टात न जाता नोतारसमोर, म्हणजे नोटरीसमोर, वारसाचं दस्तावेज करत. त्यात वारस कोण एवढंच असतं, मालमत्तेची यादी नसते. तेव्हा आधी काकांना विचारा की वाटणी कोर्टात झाली की नोतारकडे. उत्तर 'नोतारकडे' असेल तर ही वाट तिथेच सोडा आणि वेळ वाचवा.

दुसरी वाट म्हणजे पोर्तुगीज काळातली गाडीची पुस्तिका, जिला लिव्रेत म्हणत. घरात एखाद्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांमध्ये ती निघू शकते. लोक तिला बँकेचं पासबुक समजून बाजूला टाकतात. तिच्यातले चार शब्द ओळखता आले तरी पुरे. 'मात्रीकुला' म्हणजे नोंदणी नंबर, 'क्वाद्रु' म्हणजे चॅसिस, 'प्रोप्रियेतारियु' म्हणजे मालक, आणि इंधनाच्या जागी 'गाझोलियु' असेल तर डिझेल, 'गाझोलीना' असेल तर पेट्रोल. 'गाझोलियु'त 'गॅसोलीन'चा भास होऊन माणूस फसतो, म्हणून अक्षरं नीट वाचा.

क्वाद्रुसमोर १२०.११०ने सुरू होणारा आकडा असेल तर ती १८०डी. १२०.०१० असेल तर पेट्रोलची १८०. १२१.११० असेल तर ती १९०डी, म्हणजे घरात जिला '१८०' म्हणत ती वेगळीच गाडी होती. असंही होतं.

तिसरी वाट वाहतूक खात्याची. इथे बहुतेकांचा अर्ज एका चुकीमुळे परत येतो. ते विचारतात, 'सध्याच्या मालकाचं नाव आणि पत्ता द्या.' माहिती अधिकाराखाली दुसऱ्याची वैयक्तिक माहिती सहसा मिळत नाही, आणि मिळू नये हे मलाही पटतं. त्याऐवजी वाहनाच्या नोंदीबद्दल विचारा. या जीडी नंबरासमोर चॅसिस आणि इंजिन नंबर काय आहेत, मालकी हस्तांतराची नोंद कोणत्या तारखेची, दुसऱ्या राज्यासाठी ना हरकत दाखला दिला होता का आणि कोणत्या नोंदणी कार्यालयाच्या नावे, नोंदणी रद्द झाली आहे का. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्जाला आजोबांचा मृत्यूदाखला आणि पावतीची छायाप्रत जोडा, म्हणजे तुम्ही वाटेवरचे कोणी नाही हे समोरच्याला दिसतं. यातला ना हरकत दाखल्याचा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात मोठा. त्यावर बेळगावचं नाव असेल तर काकांची आठवण खरी ठरते आणि पुढचा अर्ज कुठे करायचा तेही कळतं. दाखलाच दिलेला नसेल तर गाडी गोव्यातच राहिली, किंवा कागद न करता सीमेपार गेली.

नोंदणी रद्द झाल्याची नोंद नाही, म्हणजे गाडी अजून आहे, असं समजू नका. गाडी मोडली तर मालकाने १४ दिवसांत कळवावं असा कायदा आहे, पण चाकं काढून झाडाखाली ठेवलेली गाडी 'मोडली' असं कोण कळवतो? अशा शेकडो गाड्या कागदावर जिवंत आहेत आणि प्रत्यक्षात त्यांचा पत्रा कधीच वितळलाय. आणि नोंदवहीच हाताला लागेल याचीही खात्री नाही. एका कार्यालयात मला एक वही दाखवली होती. पावसात भिजून तिची पानं पापडासारखी एकमेकांना चिकटली होती. तिथला कारकून बिचारा सुरीच्या पात्याने एकेक पान सोडवत होता. मला हवं होतं ते पान सुटलंच नाही.

चौथी वाट वर्तमानपत्रांची. पणजीत पाटोच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक आहेत. 'गोमन्तक' १९६२पासूनचा, आणि पोर्तुगीज भाषेतला 'ऊ हेराल्दु' त्याच्याही कितीतरी आधीचा. १९७२ ते १९७४च्या छोट्या जाहिराती चाळा. त्यात चॅसिस नंबर मिळणार नाही, पण 'विकणे आहे' जाहिरातीत गाडीचं वर्ष, इंधन आणि निरोपाचा पत्ता असतो. हे काम कंटाळवाणं आहे. आधीच्या तीन वाटा आटोपल्यावरच याला हात घाला.

इथवर सगळे कागद झाले. माझ्या अनुभवात गाडीचा शेवट मात्र माणसांकडूनच कळतो.

ही १८०डी गोव्यात कशी राबली ते समजून घेतलं तर तिला कुठे शोधायचं ते सुचतं. मर्सिडीजच्या कार भारतात बनायला लागल्या त्या १९९५ मध्ये, पुण्याला. त्याआधी जमशेदपूरला बनत ते टाटा-मर्सिडीज ट्रक. म्हणजे १९६१नंतर गोव्यातल्या या गाड्यांसाठी आयातीची वाट जवळजवळ बंद झाली आणि सुटे भाग मिळेनासे झाले. मग गॅरेजवाले एका गाडीचे भाग काढून दुसरी चालवू लागले. डिझेल गाड्या टॅक्सीत गेल्या, कारण त्या स्वस्तात पळत. मूळ इंजिन दमलं की पुढे मॅटाडोरचं इंजिन चढवलं. त्यामुळे तुमच्या गाडीचं इंजिन एकीकडे, दारं दुसरीकडे आणि चॅसिस तिसरीकडे असण्याची शक्यता मी नाकारणार नाही.

एक प्रसंग सांगतो. प्रियोळच्या बाजूला एका कुळागरात पाण्याचा पंप बघायला गेलो होतो. माडांच्या मध्ये पाटाच्या कडेला गवताने शाकारलेली खोप, आणि तिच्यात इंजिनाचा आवाज. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वाकून बघितलं. काजळीने काळं झालेलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. पट्ट्याने पंप फिरवत होतं. मालकाला विचारून फडक्याने ब्लॉकची बाजू पुसली, खडू घासला, तेव्हा खोदलेले आकडे पांढरे होऊन वर आले. १८०डीचंच इंजिन. नंबर घरी आणून जुळवला, तर मडगावच्या एका कुटुंबासाठी दोन वर्षं शोधत होतो त्या गाडीचा निघाला. मालकाने ते भंगारवाल्याकडून घेतलं होतं. भंगारवाल्याने सांगितलं की गाडी कापली तेव्हा खालचा पत्रा गंजून हातात येत होता, एवढं इंजिनच धड होतं. त्या कुटुंबातल्या आजी ते बघायला आल्या. पंप चालू होता. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या. इंजिन विकत घ्यायचं का असं नातवाने विचारलं, तर म्हणाल्या, 'चालतंय ना, चालू दे.'

म्हणून माणसांकडे जा. आजोबांची गाडी कोणता मेस्त्री दुरुस्त करायचा ते काकांना विचारा. तो नसला तर त्याचा मुलगा किंवा हाताखालचा पोऱ्या असेल, आता सत्तरीतला. गॅरेजवाल्याला मालकाचं नाव आठवत नाही, पण गाडीची खोड आठवते. कुठला दरवाजा लागत नव्हता, कुठे ठोकर बसली होती. असले व्रण घरच्यांकडून गोळा करून लिहून ठेवा. बेळगावकडे चौकशी कराल तेव्हा 'मर्सिडीज होती का' असं विचारलं तर दहा लोक हो म्हणतील. 'डाव्या मडगार्डला वेल्डिंगचा जोड होता का' असं विचारलं तर खरं जाणणारा एकच बोलेल.

गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या रॅलीतही चक्कर मारा, पण एक सांभाळा. तुम्ही हळवे होऊन शोधताय हे विकणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, आणि मग 'हीच ती' असं सांगून दुसरीच गाडी गळ्यात मारली जाते. मेलेल्या गाडीचे कागद आणि नंबरपट्टी जिवंत गाडीला लावण्याचा धंदा जुना आहे. फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची पट्टी चार रिव्हेट काढून बदलता येते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. चॅसिसवर ठोकलेला नंबर बघा. आकडे एका रेषेत आणि एका उंचीचे हवेत. आजूबाजूच्या धातूवर ग्राइंडरच्या खुणा किंवा नवं वेल्डिंग नको. कागद ठेवून वरून पेन्सिल घासून ठसा घ्या आणि घरी भिंगाखाली बघा. ठसा घेऊ देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

चॅसिस नंबर पक्का झाला की स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझच्या संग्रहाकडे विचारता येतं. कारखान्याच्या डेटा कार्डावर मूळ रंग, इंजिन नंबर आणि गाडी कुठे पाठवली हे असतं. फोटो कृष्णधवल असल्यामुळे तुमच्या घरात रंगावरूनही वाद असेल, तर तो तिथे मिटेल. इतर कोणी हे वाचत असेल आणि त्यांच्या घरी मॉरिस किंवा ऑस्टिन असेल, तर अशीच सोय इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहे.

रस्त्यावर आणण्याबद्दल थोडक्यात. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी चालू असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोलपंप, दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. मॅटाडोरचं इंजिन बसवलेली गाडी 'मूळ रूपात' धरली जाईल का, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर नीट मांडावं लागेल. म्हणून कुठेही गाडी दिसली तर मूळ इंजिनाची चौकशी त्याच दिवशी करा.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा. काकांना वाटणी कुठे झाली ते विचारा. फोटो घेऊन आत्यांकडे जा आणि त्या तापणाऱ्या तारेबद्दल विचारा. त्यांचं वय तुम्ही ८६ लिहिलंय, तेव्हा हे काम फोनवर करू नका आणि पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. मग फोटोची मागची बाजू आणि विम्याच्या पावतीचा राहिलेला तुकडा, दोन्ही तिरक्या उजेडात काढून मला पाठवा. वाळवी शाई खाते, पण टाइपरायटरने उमटलेला दाब कधी कधी कागदावर मागे राहतो, आणि इंजिन नंबराचा रकाना नेमका त्या खाल्लेल्या खालच्या कोपऱ्यात असतो.